घारीची पाठ

वसईजवळ वालीवला माझं फॅब्रिकेशनचं छोटं वर्कशॉप आहे. खिडक्यांच्या ग्रील, कंपाउंडची गेटं, जिन्यांचे कठडे, गच्चीवरच्या टाक्यांना लावायच्या शिड्या, अशी कामं आम्ही करतो. मी आणि तीन कामगार. निम्मं आयुष्य मी लोकांना वर चढायची सोय करून देण्यात घालवलं, आणि स्वतः मात्र दुसऱ्या मजल्याच्या पुढे शिडीवर पाय ठेवत नाही. हे कामगारांना माहीत होतं. घरी माहीत नव्हतं, निदान माझी तशी समजूत होती.

दोन वर्षांपूर्वी ऐन पावसाळ्यात एक मुलगी वर्कशॉपमध्ये आली. मुलगी म्हटलं तरी पस्तिशीची असेल. बुटकी, काटक, पायात चिखलाने भरलेले बूट. तिने छत्री दाराशी उभी केली, खिशातून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला कागद काढला आणि माझ्या टेबलावर पसरला. कागदावर हाताने काढलेलं चित्र होतं. इंग्रजी यू अक्षरासारखी वाकवलेली जाड सळई, दोन्ही टोकं लांब.

"अशा पायऱ्या हव्यात," ती म्हणाली. "दोनशेच्या आसपास."

"कुठली सोसायटी?"

"सोसायटी नाही काका. कड्यावर लावायच्यात. डोंगराच्या."

मला वाटलं, थट्टा करतेय. पण ती स्टूल ओढून बसली आणि तिने नीट समजावून सांगितलं. परदेशातल्या डोंगरांत उभ्या खडकात अशा लोखंडी पायऱ्या ठोकलेल्या असतात आणि त्यांच्या बाजूने तारेचा जाड दोर नेलेला असतो. आपल्या कमरेच्या पट्ट्याला दोन हुक असतात, ते दोरात अडकवत अडकवत चढायचं. पाय घसरला तरी दोर धरून ठेवतो. त्या प्रकाराला 'व्हिया फेराटा' म्हणतात, म्हणजे लोखंडाची वाट. ती स्वतः कॉलेजपासून कडे चढत आली होती, आता लोकांना घेऊन जाणं हाच तिचा व्यवसाय होता. चांदीपच्या पुढे डोंगराला एक कडा आहे, तिथल्या जमीनमालकाशी बोलणं झालं होतं, बाकीच्या परवानग्या आल्या होत्या.

"पण एवढी खटपट कशाला?" मी विचारलं. "ज्यांना चढता येतं ते चढतातच की."

"त्यांच्यासाठी नाही करत," ती म्हणाली. "ज्यांना येत नाही त्यांच्यासाठी. तिथे मधोमध गेल्यावर जे दिसतं ना काका, ते फक्त आम्ही दहा-वीस जणांनी बघावं, हे मला बरं वाटत नाही."

मी नमुना म्हणून एक पायरी करून ठेवली. आमच्या पद्धतीने, तीन तुकडे कापून कोपऱ्यांवर वेल्डिंग. सांधा घासून इतका साफ केला होता की बोट फिरवलं तरी कळू नये. ती चार दिवसांनी आली, पायरी उचलून उजेडात धरली आणि परत ठेवली.

"ही चालणार नाही. सांधा नको. एकच सळई वाकवून हवी."

मला राग आला. "माझा सांधा आजपर्यंत सुटलेला नाही."

"नसेल सुटला. पण सांधा आतून गंजला तर मला बाहेरून दिसणार नाही. आणि याच्यावर कोणीतरी पाय ठेवणार आहे."

मग आम्ही वाकवण्यासाठी वेगळा साचा केला, पहिल्या काही सळया कोपऱ्यावर तडकल्या म्हणून साच्याची गोलाई वाढवली, आणि जमलं. वर जस्ताचा मुलामा करून घेतला. प्रत्येक खेप तयार झाली की ती यायची, पायरी न् पायरी हातात घ्यायची, टिचकी मारून आवाज ऐकायची आणि एखादी बाजूला काढायची. का काढली, ते दर वेळी मला दाखवायची. माझे कामगार तिला मागून 'परीक्षावाली मॅडम' म्हणायचे. शेवटची खेप टेम्पोत चढली तेव्हा मला हायसं वाटलं आणि थोडं चुकल्यासारखंही झालं.

पुढच्या हिवाळ्यात एका रविवारी सकाळी तिचा फोन आला. वाट तयार झाली होती. "लोकांना सुरू करायच्या आधी तुम्ही यायचं काका. काकूंनाही आणा."

मी गुडघ्याचं कारण सांगितलं. गुडघा तसा दुखतोही अधूनमधून. पण फोन स्पीकरवर होता आणि माझी बायको समोर वालाच्या शेंगा सोलत बसली होती. तिने शेंग खाली ठेवली आणि फोनकडे तोंड करून म्हणाली, "आम्ही येतो."

तिच्याबद्दल थोडं सांगायला हवं. ती वसईच्या खाडीकाठच्या शेतकरी घरातली. विरारला आमच्या इमारतीपासून जवळच्या एका बालवाडीत शिकवते. तिच्या माहेरच्या बोलीत ण नाही. वर्गात ती मुलांना 'बाण' असं ठसठशीत शिकवते, आणि घरी आली की पाण्याचं पानी होतं, कोणाचं कोन होतं. मोठं काही मनात असलं की हमखास होतं. लग्न झाल्यापासून तिने मला इथे घेऊन चला, तिथे घेऊन चला असं कधी म्हटल्याचं आठवत नाही.

"लहानपनी वज्रेश्वरीला जाताना तो कडा दिसायचा," ती म्हणाली. "मी वडलांना विचारलं होतं, तिथे कोन राहतं. ते म्हनाले, तिथे फक्त पक्षी जातात. आता वाट झालीय तर जाऊन बघू या."

मी हो म्हटलं. नाही म्हणायचं तर खरं कारण सांगावं लागलं असतं, आणि ते मला सांगायचं नव्हतं. आमचा मुलगा बालवाडीत होता त्या काळातली गोष्ट आहे. एका सहा मजली इमारतीच्या टाकीला शिडी बसवायला गेलो होतो. निम्म्या शिडीवर असताना मी खाली बघितलं आणि माझे हात लोखंडावरून सुटेनात. ओरडताही येईना. दोन कामगारांनी वरून दोर सोडून मला कमरेला बांधलं, एकेक बोट सोडवून खाली घेतलं. त्यानंतर मी गच्चीवर जायची कामं दुसऱ्यांवर सोपवत गेलो. कंबर धरते, चक्कर येते, मापं खालूनच घेतो, अशी काही ना काही सबब असायची.

ठरलेल्या दिवशी उजाडता उजाडता आम्ही स्कूटरवरून निघालो. हायवे ओलांडला आणि हवा एकदम गार लागायला लागली. कापणी झालेल्या शेतांत वाल उभा होता, त्याच्यावर धुकं बसलं होतं. धुक्याच्या वर डोंगर कापून ठेवल्यासारखा दिसत होता आणि त्याच्या मधोमध तो कडा. आयुष्यभर बघितलेला. विरारहून वज्रेश्वरीच्या रस्त्याला लागलेल्या कोणीही बघितलेला. मागे बसलेल्या बायकोला कळणार नाही इतपत मी स्कूटरचा वेग कमी केला.

ती गाइड मुलगी पायथ्याच्या वाडीशी उभी होती. तिथून अर्धा तास रानातली चढण. कड्याच्या तळाशी पोचल्यावर तिने पहिला प्रश्न विचारला तो अत्तराचा. पलीकडच्या अंगाला आग्या मोहोळ होतं, वास चालणार नव्हता. बायकोने केसांतला गजरा काढून झुडपावर ठेवला. मग हेल्मेट, मग कमरेला आणि मांड्यांना आवळायचा पट्टा, त्याला पुढे दोन दोऱ्या आणि दोऱ्यांच्या टोकांना दोन हुक.

जमिनीपासून हातभर उंचीवर सरावासाठी तारेचा दोर ताणलेला होता. थोड्या थोड्या अंतरावर खडकात ठोकलेल्या खुंटीतून तो पुढे जात होता.

"एकच नियम," ती म्हणाली. "दोन्ही हुक एकदम कधी सुटे नाहीत. खुंटी आली की एक काढायचा, खुंटीच्या पलीकडे लावायचा, ओढून बघायचा. मगच दुसरा. आणि दोन खुंट्यांच्या मधे एका वेळी एकच माणूस."

बायकोने बालवाडीतल्या गाण्यासारखं ते पुटपुटत दोन फेऱ्या केल्या. मी दुसऱ्याच खुंटीला दोन्ही हुक काढून हातात घेऊन उभा राहिलो. गाइडने माझं मनगट धरलं, आणि मी काय केलं ते माझं मला कळेपर्यंत धरून ठेवलं.

"आता पुन्हा," ती म्हणाली. "इथे चुकलात ते बरं झालं."

सहा वेळा करून घेतल्यावर ती वर निघाली. तिच्यामागे मी, माझ्यामागे बायको.

पहिल्या पायरीवर हात ठेवला तेव्हा लोखंड बर्फासारखं गार होतं. कोपऱ्यावरची गोलाई मी ओळखली, आमच्या साच्याचीच होती ती. पण तो विचार फार टिकला नाही, कारण खडक समोर आला. नाकापासून वीतभर अंतरावर. खालून जो कडा सरसकट काळा दिसत होता, तो जवळून काळा नव्हताच. करडा होता, तांबूस होता, मधेच जांभळट झाक होती. त्याच्यावर हिरवट पांढरे डाग पसरले होते आणि हात लावल्यावर कळलं की ते डाग जिवंत आहेत, बुरशीसारखं काहीतरी खडकाला चिकटून वाढलंय. एका भेगेत वाळलेलं नेचं मुठीसारखं मिटून बसलं होतं. मुंग्यांची एक रांग माझ्या बाजूने वर चालली होती. त्यांना ना दोर होता ना पायरी.

मी खाली बघत नव्हतो. एक पायरी, दुसरी पायरी, खुंटी, एक हुक, ओढून बघ, दुसरा हुक. श्वासाचा आवाज हेल्मेटमध्ये घुमत होता. वर गाइडचे बूट दिसत होते, खालून बायकोच्या हुकाचा खट्ट असा आवाज येत होता. तो आवाज ठरावीक वेळाने आला की मला बरं वाटत होतं.

झाडांच्या शेंड्यांच्या वर आलो असू. गाइड थांबली आणि म्हणाली, "काका, तुमच्या डाव्या हाताशी बघा."

खडकात आडवा तांबडा पट्टा होता. हातभर रुंद, कड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलेला. विटेच्या भुग्यासारखा. खालून मी तो कधी पाहिलाच नव्हता.

"हा सगळा डोंगर लाव्हाचा आहे," ती म्हणाली. "पट्ट्याच्या खाली आहे तो एक थर. तो आला, पसरला, थंड झाला. मग किती काळ गेला कोणाला ठाऊक. त्याच्यावर ऊन पडलं, पाऊस पडला, माती झाली. मग त्या मातीवर पुन्हा उकळता लाव्हा आला, आणि माती भाजून अशी लाल झाली. तुम्ही ज्याच्यावर उभे आहात तो खालचा थर, आणि तुमच्या डोक्यावर आहे तो वरचा."

मी तळहात त्या लाल पट्ट्यावर ठेवला. बोटाने चोळलं तर थोडी माती सुटली, बोटाला लागली. वर्कशॉपच्या मागच्या गटाराशेजारी असते तशी साधी माती. माणूस नावाचा प्राणी नव्हता तेव्हा या मातीवर पाऊस पडला होता. एखादं रोपही उगवलं असेल. त्यानंतर तिच्यावर कोणीच हात ठेवला नव्हता, कारण तिच्यावर डोंगर येऊन बसला होता. मी लोखंड तापवणारा माणूस. लाल होईस्तोवर तापलेलं काय असतं हे मला माहीत आहे, त्याची धग चेहऱ्याला कशी लागते तेही. पण नजर जाईल तिथपर्यंत, क्षितिजापर्यंत सगळं तसं तापलेलं, हे डोळ्यांसमोर आणायचा प्रयत्न केला आणि अंगावर काटा आला. भीती नव्हती ती. बऱ्याच वर्षांत असं काही वाटलंच नव्हतं, म्हणून नाव सुचलं नाही.

थोडं वर गेल्यावर बायकोची हाक आली. "अहो, थांबा जरा."

तिला खडकात एक पोकळी सापडली होती. नारळ मावेल एवढी. मी चढताना तिच्यावरून गेलो होतो, मला दिसली नव्हती. मी एका खुंटीवर थांबलो आणि नजर फक्त खडकावर ठेवून खाली वाकलो. पोकळीच्या आतल्या सगळ्या बाजूंना पांढरे स्फटिक होते. काही काचेसारखे पारदर्शक, काही मोत्याच्या रंगाचे, पाकळ्यांसारखे एकमेकांना खेटून उभे. सूर्य अजून कड्याच्या पलीकडे होता. तरीही आकाशाचा जो काही उजेड तिथे पोचत होता, तो सगळा त्या पोकळीने आत घेऊन ठेवला होता.

बायकोने करंगळी आत घातली आणि एका स्फटिकाला अगदी हळू स्पर्श केला. तोडायला नाही. बालवाडीतल्या एखाद्या झोपलेल्या मुलाच्या गालाला लावावं तसं.

"हे कोनी ठेवलं?" ती म्हणाली.

गाइडने वरून सांगितलं की लाव्हात हवेचे बुडबुडे अडकतात आणि त्यांच्यात झिरपणाऱ्या पाण्यातून हे स्फटिक धरतात. बायकोने ऐकून घेतलं. पण तिचा प्रश्न तो नव्हता हे मला कळलं. कोणी बघणार नाही अशा जागी, बंद खडकात, अंधारात, इतकं नीटनेटकं काहीतरी तयार होत राहिलं होतं. वरचा खडक झिजून पडला नसता तर ते कोणाला दिसलंही नसतं. अख्ख्या कड्याच्या पोटात असं किती असेल.

मग आडवी वाट आली.

इथपर्यंत चढण सरळ होती. समोर खडक, मागे काय आहे ते दिसत नव्हतं. पण आता कडा उजवीकडे वळत होता आणि वाट त्याच्याबरोबर आडवी जात होती. पायऱ्या खाली, दोर छातीशी, आणि मधे खडक जरा पोटाने पुढे आलेला, त्यामुळे अंग बाहेर काढूनच पुढे सरकावं लागत होतं. गाइड सहज पलीकडे गेली आणि तिथल्या कपारीत उभी राहिली. मी दोन पायऱ्या सरकलो. तिसऱ्या पायरीसाठी पाय कुठे ठेवायचा ते बघायला मान खाली घातली.

पायरीच्या खाली काही नव्हतं. खूप खाली झाडांचे शेंडे होते.

माझे हात दोरावर आवळले गेले. ते मला ओळखीचं होतं. गाइड काहीतरी म्हणत होती, "काका, श्वास सोडा, तुम्ही अडकवलेले आहात, कुठेही जाणार नाही," असं काहीतरी. ते सगळं खरं आहे हे मला माहीत होतं. दोन्ही हुक दोरात होते. पायरी मीच केलेली होती, तिच्यावर किती वजन टांगून बघितलं तेही मला पाठ होतं. पण हातांना त्याच्याशी काही देणंघेणं नव्हतं. मी डोळे मिटले.

किती वेळ गेला सांगता येणार नाही. मग मागच्या खुंटीवरून बायकोचा आवाज आला. नेहमीचा, घाई नसलेला आवाज.

"अहो, खाली बघा."

"खाली बघायला नको सांगू."

"घार आलीय. तिची पाठ दिसतेय."

मी डोळे उघडले नाहीत. पण ते शब्द कानात राहिले. घारीची पाठ. मी मनात आठवून बघितलं. वालीवच्या पत्र्यांवर, खाडीवर, आमच्या गच्चीवर, इतक्या घारी बघितल्या, पण सगळ्यांची पोटं. मान वर करूनच. घारीला पाठ असते याचा मी कधी विचारच केला नव्हता.

मी डोळे उघडले आणि खाली बघितलं.

ती माझ्या पायांच्या खाली, साधारण दोन माड उभे केले तर होईल इतक्या अंतरावर तरंगत होती. पंख पसरलेले, हलत नव्हते. पाठ तपकिरी होती, पण एकाच रंगाची नाही. प्रत्येक पिसाच्या कडेला फिकट रेघ होती, आणि ती पिसं कौलांसारखी एकावर एक बसवलेली. मानेजवळ रंग पिवळसर होत गेला होता. शेपूट जरासं एका बाजूला कललं की अख्खी घार वळत होती. तिची सावली तिच्यापासून कितीतरी दूर, उन्हात आलेल्या पलीकडच्या रानावरून स्वतंत्रपणे धावत होती. घार डोकं इकडून तिकडे फिरवत खालचं रान बघत होती. तिच्या वर कोणी असेल असं तिच्या स्वप्नातही आलं नसेल.

तिने एक गिरकी घेतली आणि वर आली. दुसरी गिरकी, आणखी वर. तिसऱ्या गिरकीला ती आमच्या बरोबरीला होती. कड्याच्या इतक्या जवळून गेली की पंखांतून वाहणारी हवा ऐकू आली, आणि तिचा डोळा मला दिसला. गडद, ओला. त्या डोळ्याने माझी नोंद घेतली आणि सोडून दिली. पुढच्या गिरकीला ती आमच्या डोक्यावर होती, आणि पुन्हा नेहमीसारखं तिचं पोट दिसायला लागलं.

मी मान वर करून बघत राहिलो. आणि मग लक्षात आलं की मान वळवताना मी एक हात दोरावरून काढून खडकावर ठेवला होता. कधी, ते मला कळलं नव्हतं.

"आता उजवा पाय," गाइड म्हणाली. मी उजवा पाय टाकला. हुक काढला, लावला, ओढून बघितला. भीती गेली नव्हती, पोटात होतीच. पण आता तिथे आणखीही काहीतरी होतं आणि ते भीतीपेक्षा मोठं होतं.

कपारीत तिघं जेमतेम मावत होतो. बायको पोचली, तिने पाठीवरच्या पिशवीतून बाटली काढून माझ्या हातात दिली. "पानी प्या."

गाइड पुढची वाट तपासायला थोडी वर गेली. तेवढ्यात बायको म्हणाली, "त्या टाकीवरचं मला माहीत आहे."

मी बाटली तोंडाला लावली होती, तशीच राहिली. "कोणी सांगितलं?"

"तुमच्याकडच्या कामगाराची बायको मुलाला सोडायला बालवाडीत यायची. तिने दुसऱ्याच दिवशी सांगितलं."

"इतकी वर्षं बोलली नाहीस."

"तुम्ही सांगाल म्हटलं कधीतरी."

"मग इथे कशाला आणलंस मला?"

समोर धुकं विरत चाललं होतं. "आनलं नाय," ती म्हणाली. "तुम्ही नको म्हनाला असतात तर मी एकटी आले असते. तुम्ही हो म्हनालात. मला वाटलं, तुम्हाला परत एकदा चढून बघायचं असेल."

मला तसं काही बघायचं नव्हतं, निदान ठरवून तरी. पण ते मी तिला सांगितलं नाही. सांगायला गेलो असतो तर खोटं वाटलं असतं.

वरचा टप्पा सोपा होता. शेवटच्या पायरीवरून डोकं वर निघालं आणि समोर सपाट माळ आला. कंबरेएवढं वाळलेलं सोनेरी गवत, वाऱ्याने एकाच दिशेला झुकलेलं, आणि कड्यामागून वर आलेलं ऊन एकदम चेहऱ्यावर. आम्ही कडेपासून दूर जाऊन बसलो.

पश्चिमेला विरारच्या इमारती होत्या. आमची त्यांतली कुठली ते शोधून सापडली नाही. इतक्या खोल्या, इतकी माणसं, इतके कठडे आणि ग्रील, आणि हे सगळं मिळून तळहाताने झाकता येत होतं. त्यांच्या पलीकडे समुद्र आकाशापासून वेगळा काढता येत नव्हता. उत्तरेला वैतरणेचं पाणी शेतांमधून वळत वळत चमकत होतं. बायकोने दक्षिणेकडे बोट दाखवलं, तिचं माहेर तिकडे कुठेतरी, खाडीच्या काठाला. दिसत नव्हतं काही, पण दोघंही त्या दिशेला बघत राहिलो. माझ्या खाली तो लाल पट्टा होता, ते पांढरे स्फटिक होते, आणि आणखी खाली न बघितलेलं किती काय.

"तुला अजून वाटतं का असं?" मी गाइडला विचारलं. कसं, ते मला सांगता आलं नाही. तिनेही विचारलं नाही.

"दर वेळी," ती म्हणाली. "आज तुमच्याबरोबर तर जास्तच. पायऱ्या परत पाठवल्या म्हणून तुम्ही माझ्यावर चिडला होतात ना?"

"खूप."

ती हसली आणि बुटाची नाडी बांधायला लागली.

उतरायला मागच्या बाजूने रानातली पायवाट होती. दीड तास लागला. गुडघा खरंच दुखला. वाडीशी आल्यावर गाइडचा निरोप घेतला, तिने दोघांचे हेल्मेट आणि पट्टे गोळा केले, हुक मोजून पिशवीत भरले आणि ती पुन्हा वर निघाली. एका खुंटीजवळचा दोर तिला परत बघायचा होता.

चांदीपच्या नाक्यावर आम्ही चहाला थांबलो. बाकावर बसलो. चहावाल्याने दोन ग्लास आणून ठेवले. मी माझा उचलला. बायकोने तिचा उचलला आणि चहा तिच्या कुडत्यावर सांडला. तिने ग्लास खाली ठेवला, पुन्हा उचलायला गेली, पुन्हा सांडला. तिचे दोन्ही हात कोपरापासून थरथरत होते.

"दमलीस," मी म्हटलं.

तिने नाही म्हणून मान हलवली. हात मांडीवर एकमेकांत धरून ठेवले, तरी ते थांबेनात.

"मला पन भीती वाटत होती," ती म्हणाली.

"कधी? आडव्या वाटेवर?"

"पहिल्या पायरीपासून."

मी तिच्याकडे बघत राहिलो. ते ठरावीक वेळाने येणारे खट्ट आवाज, ती न घाई करता मारलेली हाक, पोकळीत घातलेली करंगळी, हे सगळं तिने तशा हातांनी केलं होतं आणि मला कळूही दिलं नव्हतं. मी तिचा ग्लास उचलला, फुंकर घालून थोडा गार केला आणि तिच्या ओठांशी धरला. चहावाला बघत होता. तिने एरवी लाजून मान फिरवली असती. तिने दोन घोट घेतले, ओठ पुसले आणि म्हणाली, "साखर कमी आहे."